सातव्या चॅनलचा आकडा

जिंतूर रोडवरच्या आमच्या जिनिंग मिलमध्ये कापसाच्या गंजीत तापमानाचे सेन्सर बसवायला पिंगळीहून एक बाई यायच्या. सगळ्या सेन्सरच्या वायरी मॉड्यूल नावाच्या एका डबीला, एकेका चॅनलवर एकेक अशा, जोडायच्या आणि कोणत्या चॅनलवर कोणत्या जातीचा सेन्सर आहे, ते लॅपटॉपवरून ठरवून द्यायच्या. मग सेन्सर मुठीत धरून आकडा चढेपर्यंत थांबायच्या. "हां, जागा हायेस," असं त्याला म्हणायच्या, तेव्हाच तो गंजीत जायचा.

परवा सातव्या चॅनलचा आकडा भराभर चढायला लागला.

"ताई, सेटिंग चुकली असंल," मी म्हणालो.

त्यांनी सेटिंग तपासली. मग तीच वायर आठव्या चॅनलला जोडून पाहिली. तिथंही आकडा चढतच राहिला.

"चॅनल बरोबर हाय, सेन्सर बी मुठीत धरून बघूनच टाकलेला हाय. गंजी आतून पेटायलीय, भाऊ. वरची माणसं खाली घ्या, आन् पाईप आणा."

माणसं उतरली. गंजी फोडली, तर आतून धूर आला. कापूस तपकिरी पडला होता. बाई पदर खोचून आमच्याबरोबर पाणी मारत होत्या. घटकाभरात धूर थांबला.

"बाकीच्या गंज्यांत बी सेन्सर टाकू," त्या धापा टाकत म्हणाल्या. "आत्ताच."

वायरीचं बंडल उचलून मी त्यांच्यापुढे पळालो.