शैलावहिनी आणि थांबणारी होडी

दादाचा फोन आला तेव्हा मी पवईच्या ऑफिसात चहाचा कप घेऊन उभा होतो. अनिलदादा, माझा चुलत भाऊ, फोनवर कधी पाल्हाळ लावत नाही. "नितीन, शैला गेली रे. झोपेतच. सकाळी चहाला उठवायला गेलो तर..." एवढंच बोलला, आणि मग कुठे, किती वाजता यायचं ते सांगितलं. मी बरं म्हटलं. फोन ठेवल्यावर माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की आता माझा गेम खेळून माझी खरडपट्टी कोण काढणार. अशा वेळी असलं काही सुचतं याची तेव्हा लाज वाटली. आता सहा आठवडे झालेत, आणि लाज बरीचशी गेली आहे. वहिनींना तो विचार आवडला असता.

शैलावहिनी निवृत्त झाल्यावर कंप्युटर गेम खेळायला लागल्या. त्याआधी सगळं आयुष्य त्यांनी मुलुंडहून फोर्टला जाऊन एका वकिलांच्या कचेरीत टायपिंग केलं होतं. घरी बसल्यावर बोटं स्वस्थ बसेनात, म्हणून दादाने कुठूनसा मोडीत निघालेला कंप्युटर आणला आणि घरातला कंप्युटरवाला म्हणून मला बोलावणं आलं. त्या मशीनवर नवे झगमगीत गेम चालणं शक्यच नव्हतं. मी आपले छोटे गेम टाकून दिले, एकट्यादुकट्या माणसाने घरी बसून बनवलेले, ठिपक्याठिपक्यांच्या जुन्या धाटणीच्या चित्रांचे. वाटलं, आठवडाभर खेळतील आणि परत शब्दकोड्यांकडे वळतील. पुढच्या रविवारी गेलो तर त्यांनी जुन्या कॅलेंडरचं पान पुढे केलं. पाठकोऱ्या बाजूला वर 'दुरुस्त्या' असं शीर्षक, खाली पट्टीने मारलेली रेघ, आणि त्याखाली अकरा मुद्दे. हे कोणाला पाठवायचं, असं त्या अगदी गंभीरपणे विचारत होत्या.

मग तो रिवाजच झाला. दर महिना-दोन महिन्यांनी मी नवा गेम न्यायचा, वहिनींनी तो पुरा खेळायचा आणि कॅलेंडरचं पान माझ्या हातात द्यायचं. त्यांची मतं टायपिस्टची होती. कचेरीत त्यांनी प्रती काढायला टाइपरायटरवर स्टेन्सिल कापले होते, एका पानात सगळं बसवायची कसरत वर्षानुवर्षं केली होती. त्यामुळे जुन्या धाटणीचं कोणी उगाच कौतुक केलेलं त्यांना खपायचं नाही. एका गेममध्ये पडदा जुन्या टीव्हीसारखा दिसावा म्हणून मुद्दाम आडव्या रेघा घातल्या होत्या. वहिनी म्हणाल्या, "असल्या पडद्यांसमोर बसून आमचे डोळे गेले, आणि हा मुलगा त्या रेघा हौसेने काढतोय. अरे, जुनं म्हणजे रेघा नाहीत. जुनं म्हणजे कमी जागा. कमी जागेत काय ठेवलं आणि काय सोडलं, तेवढं बघायचं." गेम कितीही अवघड असला तरी त्यांची तक्रार नसायची, फक्त हरल्यावर चूक आपली होती हे पटलं पाहिजे. पायरीपायरीला सूचना देणाऱ्या गेमला त्या 'मागे उभा राहिलेला साहेब' म्हणायच्या. रोज हजर राहिल्याबद्दल बक्षीस देणारा एक गेम त्यांनी दुसऱ्या दिवशी काढून टाकायला लावला. निवृत्त झाल्यावर हजेरीपट कशाला, असं त्यांचं म्हणणं. आणि गेम संपल्यावर बनवणाऱ्यांची नावं येतात ती त्या शेवटपर्यंत वाचायच्या. एकच नाव दिसलं की हमखास म्हणायच्या, "एकट्याने केलंय. वेळेवर जेवत होता की नाही कोण जाणे."

खेळून झालं की मशीनवर कापडी कव्हर घालायचं, हाही रिवाज. टाइपरायटरला असतं तसं, फिकट निळ्या पॉपलिनचं, कडेला दुहेरी शिलाई. कव्हर घातलं की कचेरी सुटली. त्यानंतर कितीही गळ घातली तरी पुन्हा उघडायच्या नाहीत.

मी स्वतः गेम बनवतोय हे मी फक्त त्यांनाच सांगितलं होतं. ऑफिसचं काम आटोपून, सुट्ट्या घालवून, चार वर्षं. वहिनी लग्न होऊन आल्या त्या वर्षी आम्ही सगळे होडीतून खाडीपलीकडे गोराईला गेलो होतो, मी तेव्हा दुसरीत होतो. ती खाडी डोक्यात राहिली होती. गेममध्ये तुम्ही होडीवाले. धक्क्यावर माणसं येतात, तुम्ही स्पेसबार दाबून घंटा द्यायची की होडी सुटते. वेळ पाळायची, भरती-ओहोटी सांभाळायची, उशीर करणारा राहतो मागे. मला तो नियम फार आवडायचा. ऑफिसात मी असाच वागतो.

गेमचा पहिला कच्चा भाग मी वहिनींना दिला आणि त्यांच्या एका खोडीने घोळ झाला. इंग्रजी टायपिंगमध्ये पूर्णविरामानंतर स्पेसबार दोनदा दाबायचा, ही त्यांची जन्माची शिस्त. काही संपलं असं वाटलं की त्यांचा अंगठा आपोआप दोनदा पडायचा. माझ्या गेममध्ये पहिल्या दाबाने होडी सुटायला निघायची, आणि लगेच दुसरा दाब आला की सुटण्याची मोजणी पुन्हा पहिल्यापासून व्हायची. त्यात होडी अडकून पडायची, कोणी नवीन चढेपर्यंत. शुद्ध चूक, माझ्याच हातची, आणि दुसऱ्या कोणाला ती वर्षभर सापडली नसती. वहिनींना ती चूक वाटलीच नाही. मागून एक टोपलीवाली म्हातारी रमतगमत यायची, आठ ठिपके रुंद. वहिनी दोनदा घंटा देऊन तिच्यासाठी थांबायच्या. कॅलेंडरच्या पानावर सतरा दुरुस्त्या होत्या, आणि शेवटी लिहिलं होतं, 'दोन घंटा दिल्यावर होडी थांबते हे फार छान केलंस.' मला खरं सांगायचा धीर झाला नाही. घरी येऊन मी गुपचूप ती चूक काढून टाकली.

पुढच्या वेळी त्या खेळता खेळता थबकल्या. "होडी थांबत नाही रे आता."

"वहिनी, ती चूक होती. काढली मी."

त्यांनी चष्मा काढला. "गोराईची होडी घड्याळावर सुटलेली कधी पाहिलीस तू? कोणी टोपली घेऊन धावत येताना दिसलं की होडीवाला थांबतो. तुझ्या अख्ख्या खेळात तेवढंच खरं होतं, मेल्या, आणि तेच काढलंस?"

मला ते फार लागलं. चार वर्षं माझी गेली होती. मी म्हटलं, "तुम्हाला खेळून नावं ठेवायला काय जातं?" आणि निघून आलो. दिवाळी झाली, संक्रांत झाली, मी मुलुंडला फिरकलो नाही. दादाचा फोन आला की कामाचं कारण सांगायचो. वहिनींना हृदयाचा त्रास सुरू झाल्याचं मला कोणी कळवलं नाही, कारण त्यांनीच बजावलं होतं की त्याचं काम चाललंय, त्याला सांगू नका.

शेवटी त्यांना खोटं पाडायला म्हणून एका शनिवारी मी बोरिवलीहून गोराईच्या धक्क्यावर गेलो. मोबाइलवर वेळ लावून होडीत बसलो. होडी भरली, इंजिन सुरू झालं, दोर सुटला. तेवढ्यात लांबून एक कोळीण रिकामी पाटी काखेला मारून येताना दिसली, आणि तिला काहीही घाई नव्हती. होडीवाल्याने दोर परत अडकवला आणि बिडी पेटवली. होडीतलं कोणी चकार शब्द बोललं नाही. मी एकटाच मोबाइल हातात धरून बसलो होतो. घरी आलो आणि रविवारभर बसून ती जुनी चूक परत गेममध्ये घातली, या वेळी नीट, नियम म्हणून.

गेम घेऊन मुलुंडला गेलो तेव्हा वहिनी उशीला टेकून बसल्या होत्या. त्यांना पाहिलं आणि पाच महिने न आल्याचा पश्चात्ताप झाला. काही बोलावं म्हणून तोंड उघडलं, तर त्या म्हणाल्या, "आधी लाव ते मशीन." दादाने आणि मी त्यांना खुर्चीत बसवलं. बोटं आपापल्या जागेवर बरोबर पडली. माणसं चढली, अंगठा दोनदा पडला, होडी थांबली. टोपलीवाली निघाली. वहिनी पडद्यावरच्या होडीला हळूच म्हणाल्या, "रव गो जरा, म्हातारी येता." मालवणी त्या फक्त स्वतःशी बोलायच्या. त्या दुपारी त्यांनी सगळा गेम तुकड्यातुकड्याने खेळून संपवला, मध्ये दोनदा झोपल्या. मग कॅलेंडरचं पान मागितलं. शीर्षक लिहिलं, पट्टीने रेघ मारली, आणि माझ्या हातात दिलं.

"वहिनी, हे कोरंच आहे."

"काही सापडलं नाही तर बळेच लिहू का? आता लोकांना दे तो. आणि वेळेवर जेवत जा."

त्यानंतर तीन आठवड्यांनी दादाचा फोन आला. माणसाला आयुष्यात एक तरी असा खेळणारा मिळावा, जो शेवटपर्यंत खेळतो आणि खरं सांगतो. मला तो माझ्याच घरात मिळाला. याबद्दल वहिनींना थँक्यू म्हणायचं राहिलं, पण म्हटलं असतं तर त्यांनी त्यातही काहीतरी दुरुस्त केलं असतं.

गेल्या रविवारी गेलो तर निळं कव्हर तसंच होतं. दादाने आयुष्यात एकही गेम खेळलेला नाही. चहा झाल्यावर त्याने स्वतःच कव्हर काढलं, घडी घातली आणि म्हणाला, "मला दाखव रे, काय करायची ती." मी गेम लावून दिला. त्याने एका बोटाने स्पेसबार दाबला. घंटा झाली, होडी सुटली, टोपलीवाली धक्क्यावर राहिली. दादा पडद्याकडे बघत राहिला. "गेली की रे..." 

"दोनदा दाब," मी म्हटलं, आणि गेम पुन्हा सुरू करून दिला.

त्याने दोनदा दाबलं. होडी थांबली. म्हातारी तिच्या चालीने आली, धक्क्याच्या पायऱ्या उतरली, चढली. दादाने डोळे पुसले. मग मला न विचारताच गेम पहिल्यापासून लावला, माणसं चढू दिली, आणि पुन्हा दोनदा घंटा दिली.