आईनं बांधलेले पुडे
वाळत्या तेंदूपानांचा तुरट वास आला की मला फळीवरची ती दुपार आठवते. फळी म्हणजे पानं विकायची जागा. पानं मोजून घेणारा मुन्शी येईपर्यंत आम्ही तिथं मोहाच्या झाडाखाली तीन पत्ती खेळायचो, पैशांऐवजी पानांचे पुडे लावून. संपले की आणखी वीस मांडून पुन्हा बसता यायचं. त्या दुपारी समोर तिघं म्हातारे. भारी पत्ते असल्याशिवाय हलायचेच नाहीत, आणि मी मूर्खासारखा न बघता चाल वाढवत होतो. दोनदा बुडाल्यावर उमजलं, हे टिकले की आपण सोडायचं आणि हे दबले की मधे मांडलेला बूट उचलायचा. तसे हळूहळू बारा पुडे परत आले. तेवढ्यात मुन्शीचा ट्रॅक्टर वाजला. माझा धीरच सुटला; होते नव्हते ते सगळे लावले. समोरचा म्हातारा म्हणाला, “काऊन घाई करून राह्यला बाबू? पॅक कर, टाक पत्ते.” मी ऐकलं नाही. त्यानं तीन राण्या उलटल्या. आईनं पहाटेपासून तोडून बांधलेले पुडे होते ते. घरी तिनं विचारलं, “मुन्शीनं किती घेतले रे?” मी म्हणालो, “एकबी नाई. पानं खराब आहेत म्हणे.”  आता तिला नीट दिसत नाही, तरी पुडा बांधण्याआधी ती एकेक पान उन्हात धरून बघते.