प्रणिता जेवता जेवता मुलाखती घ्यायची

मला प्रणिताचा हेवा वाटायचा. ती गेली त्याला आज वर्ष झालं. अजून वाटतो.

अशा दिवशी असं लिहीत नाहीत म्हणे. नसतील लिहीत.

आम्ही दोघं अमरावतीत एकाच सरांकडे पीएचडीला. ती बाळापूरची, मी अकोल्याचा.
विषयही जवळपास एकच: चीनमधली मुलं परदेशी शिकायला जायची तयारी कशी करतात. सरांचे एक मित्र तिकडे इंग्रजीचा क्लास घेतात, त्यांच्या ओळखीने विद्यार्थी मिळाले.

भांडण पद्धतीवरून.

मी क्वांटिटेटिव्ह. ऑनलाइन सर्व्हे, भरपूर आकडे, विषय संपला.
ती क्वालिटेटिव्ह. मोजक्या मुली आणि लांबलचक गप्पा.

त्यात तिची एक भलतीच सवय. व्हिडिओ कॉलवर ताट समोर घेऊन बसायची. आपल्या चहाच्या वेळी तिकडे रात्रीचं जेवण असतं. इकडे हिचं भाकर-पिठलं, तिकडे त्या पोरीचे नूडल्स. समोरचीने पहिला घास घेतल्याशिवाय ही एक प्रश्न विचारायची नाही.

मी म्हटलं, मेथडॉलॉजीच्या चॅप्टरमध्ये हे काय म्हणून लिहिणार?

"उपाशी माणसाले काय इचारतं? आमच्या घरी पावण्याले पाणी देल्याबिगर नावबी नाही इचारत."

मुली तिच्याजवळ रडायच्या. घरच्यांच्या अपेक्षा, व्हिसाच्या इंटरव्ह्यूची भीती, सगळं सांगायच्या. सेमिनारमध्ये सर तिच्याच मुलाखती वाचून दाखवायचे, आणि मी मागच्या बाकावर माझे तक्ते घेऊन जळत बसायचो.

माझी एकच गोष्ट तिच्यापेक्षा भारी होती.
सर्व्हेचा एवढा लांब फॉर्म लोक अर्ध्यात सोडतात. माझे पूर्ण भरून यायचे. एक प्रश्न रिकामा नाही.
हे मी तिला येता-जाता ऐकवायचो. ती नुसती हसायची.

मग डेंग्यूचं निमित्त झालं आणि आठवड्यात ती गेली.

तिच्या मुलाखती सर आता छापताहेत. एक अर्धी राहिली होती. ती मुलगी परीक्षांमधून मोकळी झाली, तसं सर मला म्हणाले, तू पूर्ण कर.

परवा बसलो. ताट घेऊन. हो, मीसुद्धा.

तिने घास घेईपर्यंत थांबलो. तिने घेतला, माझ्याकडे नीट पाहिलं आणि इंग्रजीत विचारलं,
"तो लांब फॉर्मवाला मित्र तूच का?"

प्रणिता म्हणे प्रत्येक कॉलच्या शेवटी सांगायची: माझ्या मित्राचा फॉर्म कंटाळवाणा आहे, तरी पूर्ण भर. वर्गातल्या बाकीच्यांकडूनही भरून घे. रिकामं काही ठेवू नको, तो मनाला लावून घेतो.

मी ताट बाजूला सारलं. तीच पोरगी मग म्हणाली, आधी जेवून घे.

प्रणिता, तेवढं एकच माझं होतं गं. तेही तुझंच निघालं.

परत ये. पुढच्या बाकावर बस, सरांची शाबासकी घे. मी मागे बसून जळतो, माझी काही तक्रार नाही.

हेव्यासकट श्रद्धांजली.