शिट्टीबाईंची पोरं

शिट्टीबाईंना हळू बोलता येत नसे. देवापुढे हात जोडून उभ्या राहिल्या, तरी देवाला झापत आहेत असंच वाटे. आमचा तांडा मालेगाव तालुक्यात, मोठ्या गावापासून नाल्यापलीकडे, टेकडीच्या उतारावर. शाळा पायथ्याशी. बाई रिसोडहून एसटीने येऊन फाट्यावर उतरत, तिथून पायी येत आणि शाळेत न जाता आधी वर चढून घराघरापुढे शिट्टी फुंकत. गळ्यात मंगळसूत्राशेजारी पोलिसाची असते तसली शिट्टी. शाळेत घंटा होती, पण बाईंचा तिच्यावर भरवसा नव्हता. "घंटा ऐकून ज्याले यायचं तो येते. मले ज्याले यायचं नाही तो पाह्यजे," असं त्या म्हणत.

आमच्या घरांत गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलतात. पहिलीतल्या पोराला मराठी परकीच. मोठ्या गावच्या शाळेत अशा पोराला 'ढ' ठरवून मागे बसवत, आणि मग ते जन्मभर मागेच बसे. बाई पोरांकडून गोरमाटी शिकल्या, आणि ती इतकी वाईट बोलत की सगळा वर्ग लोळून हसे. "हसा पोट्टेहो," त्या ओरडत. "आता माह्यावर हसा, मंग मराठीत चुकायची लाज नाही वाटनार तुमाले." लहानगी पोरं त्यांना याडी म्हणत. याडी म्हणजे आई. मीही म्हणायची. आज मी मालेगावच्या दवाखान्यात नर्स आहे ती त्या शिट्टीमुळे, हे मी कुणालाही सांगते.

शाळा लहान, पोरं थोडी, हा आमच्यावरचा जुना आरोप. एका बैठकीत एका साहेबांनी बाईंना समजावलं, की एवढ्याशा पोरांसाठी खोल्या, खिचडी आणि दोन शिक्षक सरकारला परवडत नाहीत. बाई भर बैठकीत उठल्या. "साहेब, तुमच्या घरी दोनच लेकरं हायेत. घर बंद करून राह्यले काय?"

सगळे हसले. साहेब हसले नाहीत.

हे न परवडणं दरवेळी तांड्यावर, पाड्यावर, गावकुसाबाहेरच्या वस्तीवरच कसं येऊन थांबतं, ते मला कोणीतरी समजावून सांगावं. मोठ्या लोकांच्या पोरांची शाळा लहान आहे म्हणून बंद झाल्याचं मी ऐकलेलं नाही. तिथे वर्गात पोरं कमी असली तर फी जास्त असते आणि जाहिरातीत छापतात, 'प्रत्येक मुलाकडे वैयक्तिक लक्ष'. तेच लक्ष आमच्या पोरांना फुकट मिळत होतं. ते तेवढं नुकसानीत धरलं.

दिवाळी झाली की तांडा ऊसतोडीला निघतो. त्याआधी बाईंची वेगळीच लढाई चाले. प्रत्येक घरी जाऊन त्या अंगणात बसकण मारत. "तुमी जा. लेकरू मले द्या." आई रडे, बाप म्हणे पोरगी धाकट्याला सांभाळायला लागते, आणि बाई उठतच नसत. शेवटी पोरं आजीजवळ राहत आणि दोन्ही वेळ शाळेत जेवत. ह्या जेवणाचा निधी बहुतेक हंगाम संपता संपता येई. तोवर बाई आणि दुसरे सर भागवत. वर कोणी कधी विचारलं नाही, की तोवर पोरं काय खातात.

त्यातच मोठ्या गावातली एक गोष्ट झाली. झेंडावंदनाला आमची पोरं तिकडे गेली होती. गणवेश आले होते ते सगळे जवळजवळ एकाच मापाचे, निम्म्या पोरांना होईनात. ती घरच्या कपड्यांत गेली. तिथल्या एका मास्तरांनी त्यांना रांगेतून काढून भिंतीकडे उभं केलं. "तांड्यावरचे असेच," असंही म्हणाले. माझी पुतणी कविता त्यात होती. तांड्यावरच्या सगळ्या आज्यांना ते कळलं, आणि त्यांनी ते मनात ठेवलं.

पुढे ऊसतोडीच्या दिवसांत एक साहेब पटसंख्या पडताळायला येणार असं कळलं. आदल्या संध्याकाळी बाई घरोघर फिरल्या. "उद्या साहेब येनार हाय. एकबी लेकरू घरी ठेवू नका." आज्यांनी माना डोलावल्या.

सकाळी ज्यांना गणवेश होता तेवढीच पोरं आली. एरवी घरच्या कपड्यांत येणाऱ्या बाकीच्यांना आज्यांनी दारातच धरून ठेवलं. साहेबासमोर आपल्या नातवाला पुन्हा भिंतीकडे उभं करायला नको, आणि बाईंची मान खाली जायला नको. मी त्या दिवशी आईला औषधं द्यायला आले होते, शाळेच्या फाटकाशी उभी होते. बाईंनी शिट्टी फुंकली, फुंकतच राहिल्या, मानेच्या शिरा तटतटल्या. वर उतारावर पोरं अंगणाच्या कडेला येऊन उभी राहिली, पण खाली कुणी उतरेना.

"साहेब, ते पाहा, माहे पोट्टे," बाई बोट दाखवून सांगत होत्या. "तिथं उभे हायेत. कपडे नाहीत म्हनून लाजून राह्यले."

"मॅडम, हजर आहेत तेवढेच मी मोजू शकतो," साहेब म्हणाले, आणि चहा न घेता गेले.

उन्हाळ्यात शाळा मोठ्या गावच्या शाळेत मिळवल्याचा आदेश आला. बाईंची बदली दूर झाली. पोरांसाठी गाडी येईल म्हणाले. ती काही दिवस आली, पावसात नाल्यापाशी अडली आणि मग आलीच नाही. खिचडीचं पातेलं, फळा, पंखासुद्धा नेला. घंटा तेवढी राहिली.

यंदा दिवाळीनंतर ट्रक लागला तेव्हा पोरंही भांड्याकुंड्यांबरोबर वर चढली. मी निरोप द्यायला गेले होते. बाईही सुटीला रिसोडला घरी होत्या, तिथून आल्या होत्या, कुणी बोलावलं नसताना. त्यांनी ट्रककडे पाहिलं आणि सवयीने शिट्टी फुंकली. पोरं ताडकन उठली. कविताने फळीवरून एक पाय बाहेर टाकलासुद्धा. माझ्या वहिनीने तिचा फ्रॉक धरला.

"बाई, उतरवता तं खरं," वहिनी म्हणाली, "पन ठेवता कुठं?"

ट्रक धूळ उडवत फाट्याकडे गेला. बाईंनी शिट्टी पदराआड घातली आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या इतक्या हळू बोलल्या, की मला जवळ जावं लागलं.

"मीच घरोघर सांगतलं होतं, साहेब येनार म्हनून."

माझ्या अंगाची आग झाली. मी ओरडले, भर रस्त्यात, त्यांच्याच आवाजात. "तुमचं काय चुकलं, बाई? पोरं समोर उभी होती. तुमी बोट दाखवून राह्यल्या होत्या. त्यानं मान वर करून पाह्यलंबी नाही!"