हिंदुरावाचा पहिला घास

चंपाबाईंनी मार्केट यार्डात एकतीस वर्षं कांदा निवडला. कांदा नुसता बघून कळत नाही. मानेपाशी अंगठा दाबावा. आत नासला असेल तर अंगठा सरळ आत जातो. काम सुटलं, सवय सुटली नाही. माणसांनाही त्या असंच दाबून बघायच्या, म्हणून त्यांच्याकडे माणसं टिकत नाहीत, असं लेक आम्रपाली म्हणायची. ती स्वतः हडपसरहून मांजरीला आईकडे महिन्यातून एकदा यायची, तीही खाली रिक्षा थांबवून ठेवून.

परवा दुपारी दारात पोलीसबाई उभी राहिली. नम्रता नावाची तिशीची मुलगी, बगलेत फाईल, हातात ठशासाठी शाईची डबी. हिंदुरावाच्या सुटकेचा अर्ज आला होता आणि त्यावर चंपाबाईंचा जबाब हवा होता.

हिंदुराव म्हणजे त्यांच्या मुलाला, समाधानला मारणारा. टेम्पो आडवा लावला एवढ्याशा कारणावरून, चाक खोलायच्या लोखंडी टॉमीनं, भर चौकात. कोर्टात 'मी तिथं नव्हतोच' म्हणाला होता. जन्मठेपेची चौदा वर्षं भरत आली आणि साहेबांना उपरती झाली. करून करून भागला आणि देवपूजेला लागला! फक्त यानं धर्म निवडला तो नेमका चंपाबाईंचा. तुरुंगात त्यानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती, आणि त्यांच्या नावे पत्र पाठवलं होतं.

नम्रतानं ते वाचून दाखवलं. दोन पानं, मोत्यासारखं अक्षर. पंचशील, करुणा, अज्ञानाचा अंधार, सगळं जागच्या जागी.

"हे त्यानं न्हाई लिहिलं," चंपाबाई म्हणाल्या.

"अक्षर दुसऱ्याचंच दिसतंय, मावशी. खालच्या दोन ओळी तेवढ्या वेगळ्या आहेत, वाकड्यातिकड्या." नम्रतानं त्या अडखळत लावल्या. "समाधानच्या नावानं रोज पहिला घास कावळ्याला ठेवतो. नाव घेऊन हाक मारतो. अजून शिवत नाही."

चंपाबाई मोठ्यानं हसल्या. सासऱ्यांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हापासून त्यांच्या घरात कुणासाठीच कावळ्याला घास ठेवला गेला नव्हता. समाधान गेला तेव्हाही भन्ते आले होते, वंदना झाली होती, बस.

"बौद्ध झाला म्हणं, आन् कावळ्याला हाका मारतोय! लिही, याची दीक्षा खोटी हाय."

नम्रतानं लिहिलं. मग सहज विचारलं, "आणि पश्चात्ताप? तोही खोटाच लिहू?"

चंपाबाईंनी पत्र हातात घेतलं. त्या दोन पानांत अंगठा सरळ आत गेला होता. या दोन ओळींत जाईना. सोंग करणाऱ्यानं हे लिहिलंच नसतं. सुटकेच्या अर्जात हा घास उलट त्याच्या विरोधातच जाणार, एवढंही त्या गाढवाला कळलं नव्हतं. त्याच्या आईनं लहानपणी शिकवलेलं तो मुकाट्यानं करत बसला होता.

नवरा पोपट जाऊन सहा वर्षं झाली. आम्रपाली 'दादाचा विषय नको' म्हणते. या नव्या सोसायटीत तर त्यांना मुलगा होता हेच कुणाला ठाऊक नाही. समाधान हे नाव त्या स्वतःही मोठ्यानं घेत नाहीत, कारण ऐकायला कुणी नसतं. साऱ्या जगात एकच माणूस ते रोज हाक मारून घेतो, आणि तो हा. चंपाबाईंना एकाएकी फार एकटं वाटलं.

"लिही, सोडू नका."

"कारण द्यावं लागतं, मावशी. पश्चात्ताप खोटा म्हणून?"

"खरा हाय म्हणून," चंपाबाई म्हणाल्या. "आत हाय तवर माझ्या लेकराचं नाव घेतोय. भाईर आला की संसारात पडंल, इसरंल. मग मी एकलीच ऱ्हाईन."

नम्रताचं पेन थांबलं. "हे असं जबाबात लिहिता येत नाही, मावशी."

"मग तुला येतं तसं लिही," चंपाबाई म्हणाल्या, आणि शाईच्या डबीवर अंगठा दाबला.