पहिलटकरीण

राजेंद्र नगरच्या आमच्या घरामागे, धुण्याच्या दगडाशेजारी, सासूबाईंनी तीन बदकं पाळली होती. दोन माद्या आणि एक नर. शेजारचे भाडेकरू बदली होऊन गेले आणि जाताना पिल्लांचं खोकं आमच्या दारात ठेवून गेले. मला ती नको होती. घाण मी काढायची आणि कौतुक सासूबाईंनी करायचं, हे मी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. पण सासूबाई महूच्या फौजी घरात वाढलेल्या. त्यांच्या वडिलांनी क्वार्टरमागे कोंबड्या पाळल्या होत्या, त्यामुळे पाखरांमधलं सगळं आपल्याला कळतं असं त्यांचं ठाम मत. सकाळचे उरलेले पोहे, तेही वर शेव घालून, त्या बदकांपुढे ठेवत. "इंदूरची आहेत ना, पोहेच खाणार," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगत.

थंडी पडायला लागली तेव्हा तपकिरी मादीने पहिलं अंडं घातलं. लहानसं, मऊ कवचाचं, त्यावर रक्ताची एक रेघ. सासूबाईंनी ते वाटीत ठेवून गल्लीभर दाखवलं आणि मादीला डिंकाचा लाडू चुरून घातला.

"आई, बारसं कधी करायचं?" मी विचारलं.

"तू हस. बाळंतीण आहे ती," त्या म्हणाल्या. त्या चेष्टा करत नव्हत्या.

मग दुसरीची, पांढरीची पाळी आली. रविवार होता, नवरा पीथमपूरला कारखान्यात ड्यूटीवर गेलेला. मी कपडे वाळत घालायला मागे गेले तर पांढरी भिंतीला लागून उभी होती, मान वर, चोच उघडी, आणि शेपूट सारखी वर-खाली होत होती. गवतात जाऊन बसायची, जोर करायची, उठून बाहेर यायची, पुन्हा आत. पोह्यांकडे तिने पाहिलंही नाही. दुपारपर्यंत ती पाय फाकून चालायला लागली आणि थोड्या वेळाने चालायचीच थांबली.

सासूबाईंनी तिला उचलून गव्हाच्या कोठ्यांच्या खोलीत नेलं. खिडकीला गोणपाट लावलं आणि अंगणातला पाण्याचा टब पालथा घातला. बाळंतिणीला वारा नको, ओल नको. आमच्या घरात हे नियम बाईसाठी होते, तेच बदकाला लागू झाले.

"आई, ही नुसती जोर करतेय, बाहेर काही येत नाहीये. डॉक्टरला विचारते."

"अगं बेटा, पहिलटकरीण आहे. टाइम तर लागणारच ना. खाली-पीली घाबरू नको."

माझ्या हातातला मोबाइल तसाच राहिला. हे वाक्य मी याच घरात, याच आवाजात, याआधी ऐकलं होतं. तेव्हा कळा मला येत होत्या. सकाळपासून मी सांगत होते की काहीतरी बरोबर नाही, पोटातली हालचाल कमी झाली आहे. त्या माझ्या कमरेला तेल चोळत होत्या, प्रेमानेच चोळत होत्या, आणि म्हणत होत्या, पहिलटकरीण आहेस, वेळ लागतोच. दवाखान्यात पोहोचलो तोवर उशीर झाला होता. मूल मला दाखवलं नाही. तुझ्या जिवाला सोसायचं नाही, असं म्हणून सासूबाईंनीच ते कपड्यात गुंडाळून परस्पर बाहेर दिलं. मुलगा होता की मुलगी, हेसुद्धा मला दुसऱ्या दिवशी कळलं. पुढे मला मुलगी झाली, संसार झाला, त्या वाक्याबद्दल कोणी कधी बोललं नाही. राग मात्र माझ्यात तसाच आहे, आणि तो गेला असं मी उगाच म्हणणार नाही.

मी फोन लावत सुटले. बहुतेक डॉक्टर कुत्र्या-मांजरांचे. शेवटी एकाने ऐकून घेतलं. "मॅडम, अंडा फँस गया है. अभी के अभी गुनगुने पानी में बिठाओ, और फिर यहाँ लेकर आओ." काय खायला घालता, असंही त्यांनी विचारलं. मी पोहे म्हटलं. ते म्हणाले, कॅल्शियम नसेल तर अंडं बाहेर ढकलायला तिच्यात ताकद कुठून येणार.

मी टब सरळ केला. गीझरचं कोमट पाणी आणून ओतलं.

"पाण्यात नको गं, मरेल ती!" सासूबाई ओरडल्या. मी गोणपाट ओढून काढलं, पांढरीला छातीशी धरून आणलं आणि पाण्यात सोडलं.

पाणी लागताच ती शांत झाली. चोच बुडवली, पंख जरासे पसरले. माझा हात तिच्या पोटाखाली होता आणि अंडं बोटांना लागत होतं, टणक, अगदी तोंडाशी. मला वाटलं, सुटली. रिक्षाला फोन करायला मी ओला हात पुसतच होते, तेवढ्यात तिने दोनदा जोर केला आणि तिची मान माझ्या मनगटावर पडली. मी हाक मारली, हलवलं, पाणी बदलून पाहिलं. पाण्यामुळे अंग बराच वेळ गरम राहिलं, म्हणून मीही बराच वेळ तशीच बसले.

सासूबाई पायरीवर टॉवेल घेऊन बसल्या होत्या. खूप वेळाने म्हणाल्या, "तेव्हा पण मी असंच म्हणाले होते ना, बेटा?"

त्यांचे डोळे भरले होते. जाऊ द्या आई, असं मी म्हणायची त्या वाट पाहत होत्या. आमच्याकडे तसंच म्हणतात.

"हो," मी म्हणाले.

त्यांनी मान खाली घातली. मग उठल्या, टॉवेल पसरला आणि दोन्ही हात पुढे केले. "दे इकडे. तू नको बघू. मी देऊन येते बाहेर."

मी टॉवेल तेवढा घेतला.

"नाही, आई. हिला मी पुरणार आहे."