बिझी म्हटलं अन् दादा परत निघाला

मंडळी, आज सकाळचीच गोष्ट. बारामतीजवळ आमच्या मळ्यात गुऱ्हाळ चालू हाय. माझा थोरला भाऊ इंदापूरच्या कचेरीत कारकून. त्यानंच मला एक इंग्रजी शब्द शिकवलाय, बिझी. कामात गुंतलेल्या माणसानं म्हणायचा.

आज तोच अचानक मोटारीनं आला. मी चुलवणात उसाची वाळली चिपाडं घालत हुते. ऐटीत म्हणाले, "दादा, मी बिझी हाय."

तर ह्यानं छत्री उचलली अन् वाटेला लागला!

"आरं, निघालास कुठं?"

"तू बिझी हायस न्हवं? कचेरीत असं म्हटलं की माणूस मागं फिरतो."

मला रागच आला. "ही काय कचेरी हाय व्हय? गुऱ्हाळावर आलेला पावणा कामाला हात लावल्याबिगर अन् गूळ खाल्ल्याबिगर जात न्हाय. बाह्या सार!"

दादानं कोट काढला, जाळ घातला, ताज्या गुळासंगं भाकरी खाल्ली. जाताना म्हणाला, "लई दिसांनी तुझ्याशी इतकं बोललो."

आमी कामात आसलो की आलेल्याला हाताशी घेतो. तुमी बिझी आसलात की त्याचं काय करता?